दाजींची नळी

माझ्या मॉडेल विमानाचं इंजिन सुरू व्हायचं, क्षणभर किंचाळायचं आणि बंद पडायचं. कारण मला ठाऊक होतं. टाकीपासून इंजिनापर्यंतची मऊ नळी फाटली, तेव्हा सावद्याच्या दाजींनी केळीच्या बागेतली ठिबकची कडक, काळी नळी कापून तिथे बसवली होती. "गळली तर नाव बदलीन," म्हणाले.

गळत नव्हतीच ती! ठिबकमध्ये पाणी ढकललं जातं, इथे इंजिन इंधन ओढून घेतं. जोड सैल, त्यामुळे इंधनाबरोबर हवाही आत जायची. पण दाजी "एक थेंब दाखव" म्हणत इंधन कमी-जास्त करायची सुई पिळत बसायचे, आणि मी नळीला हात लावला की वडील डोळे वटारायचे. जावयाची चूक काढायची नाही! ती नळी दाजींच्याच गळ्यात आवळावी, असं वाटायचं.

ते सावद्याला गेल्यावर मी नळी उपटून फेकली आणि सायकलच्या व्हॉल्वची रबरी नळी घट्ट चढवली. विमान उडालं.

दिवाळीला आलेल्या दाजींनी ते उडताना पाहिलं. "माझीच नळी ना?"

मी तोंड उघडायच्या आत वडील म्हणाले, "तर! तुमचीच."

व्हॉल्वची नळी मला वडिलांनीच आणून दिली होती.