मधल्या चौकीवर

सिडनीच्या टूनगॅबी उपनगरात राहणारी चित्रलेखा बस चालवते. मिरजेहून शिकायला आली, पीआर, म्हणजे कायम राहायची परवानगी, मिळाली, इथेच यतिनशी लग्न झालं. यतिन आणि मुलगी निहारिका ऑस्ट्रेलियाचे नागरिक आहेत. चित्रलेखाने मात्र भारताचा पासपोर्ट सोडला नाही. त्यावरून घरात अधूनमधून कुरबुर व्हायची.

दोन वर्षांपूर्वीच्या युरोप ट्रिपमध्ये तिघं डुब्रॉव्हनिकहून भाड्याच्या गाडीने स्प्लिटला निघाली होती. दुसऱ्या दिवशी तिथूनच परतीचं विमान होतं. गाडी चित्रलेखा चालवत होती. दोन्ही शहरं क्रोएशियातली, त्यामुळे वाटेत सीमा लागेल हे कुणाच्या डोक्यातही नव्हतं. पण गाडीतला नकाशा जुना होता. समुद्रावरचा नवा पूल त्याला माहीत नव्हता. त्याने त्यांना जुन्या रस्त्याला लावलं आणि तो रस्ता थोडासा बोस्नियातून जातो.

समोर क्रोएशियाची सीमेवरची चौकी आली, तरी यतिन निवांत होता. ‘‘दहा मिनिटांचा बोस्निया. पासपोर्ट दाखवायचे आणि सुटायचं.’’

अधिकाऱ्याने यतिनच्या आणि निहारिकाच्या पासपोर्टवर बाहेर पडल्याचे शिक्के मारले. मग चित्रलेखाचा पासपोर्ट उघडला. तिची नजर युरोपच्या व्हिसाच्या पानावर गेली. व्हिसा एकाच प्रवेशाचा होता. एकदा बाहेर पडली की परत आत येता येणार नव्हतं. आणि बोस्नियाचा व्हिसा तर तिच्याकडे नव्हताच.

अधिकाऱ्याचा हात शिक्क्याकडे गेला.

‘‘स्टॉप! प्लीज, स्टॅम्प मारू नका!’’ ती इंग्रजीत ओरडलीच.

तो थबकला. मागच्या गाड्या हॉर्न वाजवू लागल्या. चौकीपर्यंत येऊन ही बाई ऐन वेळी नको का म्हणते, असा संशय त्याच्या चेहऱ्यावर उघड दिसत होता. त्याने गाडी बाजूला घ्यायला लावली आणि तिन्ही पासपोर्ट घेऊन तो आत गेला.

बराच वेळ कुणी आलं नाही. उन्हात गाडी तापली. डिकी उघडून सामान तपासलं गेलं.

‘‘मम्मा, आर दे गोइंग टु कीप यू हिअर?’’ निहारिकाने विचारलं.

‘‘नाही गं,’’ चित्रलेखा म्हणाली.

यतिनचा संयम सुटला. ‘‘किती वर्षं सांगतोय, सिटिझनशिप घे म्हणून! कशासाठी धरून बसलीयेस तो पासपोर्ट?’’

ती समोर बघत हळू म्हणाली, ‘‘त्याच्या शेवटच्या पानावर आईचं नाव आहे. ऑस्ट्रेलियाच्या पासपोर्टवर आईचं नाव नसतं.’’

तिची आई जाऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं.

थोड्या वेळाने अधिकारी परत आला. यतिनला म्हणाला, ‘‘तुम्ही दोघं जाऊ शकता. बाईंना थांबावं लागेल. आमच्या वरिष्ठ येताहेत.’’

‘‘आम्ही नाही जाणार,’’ यतिन म्हणाला आणि गाडीतून उतरून तिच्या दाराशी जाऊन उभा राहिला.

वरिष्ठ बाई आल्या. त्यांनी हॉटेलचं बुकिंग, विमानाची तिकिटं, गाडीतला नकाशा, सगळं नीट पाहिलं. नकाशात नवा पूलच नाही हे पाहून त्या पहिल्यांदा हसल्या. दोघांचे शिक्के त्यांनी रद्द केले आणि चित्रलेखाचा पासपोर्ट तिच्या हातात ठेवला. ‘‘मागे वळा. पुलावरून जा. तिथे कुणी अडवणार नाही.’’

चित्रलेखाने गाडी वळवली आणि पहिल्या पेट्रोल पंपावर थांबवली. यतिनने पाण्याची बाटली उघडून तिला दिली.

‘‘मला तो अजून ठेवायचाय,’’ ती म्हणाली.

‘‘ठेव,’’ तो म्हणाला. ‘‘मी परत नाही विचारणार.’’

संध्याकाळी तिघं पूल ओलांडून स्प्लिटला पोहोचली.