अर्ध्या तासाचा भाग

केम गावचं घर सोडताना अव्वाने डीव्हीडी प्लेअर उशीच्या अभ्र्यात गुंडाळून बाहेर आणला आणि मी तो परत कपाटात ठेवायला लावला. रिक्षा दारात उभी, गाडीला वीस मिनिटं, आणि आम्ही मायलेकी एका जुनाट डब्यावरून हुज्जत घालत होतो. "पुण्याच्या टीव्हीत सगळं येतं गं आता, डिस्क लागत नाही," मी म्हणाले. तिने प्लेअर ठेवला, कुलूप लावलं, किल्ली माझ्या हातात दिली. रिक्षात बसल्यावर म्हणाली, "दिवाळीपतुर बघते. न्हाय करमलं तर मला हितं आणून सोड."

अप्पा जाऊन दोन वर्षं झाली होती. यंदाच्या पावसाळ्यात ती न्हाणीत घसरली आणि शेजारीण येईपर्यंत सकाळभर तशीच पडून राहिली. म्हणून मी तिला न्यायला आले होते, आणि म्हणूनच ते "आणून सोड" मला ऐकवत नव्हतं.

केमच्याच स्टेशनवरून मी नोकरीसाठी निघाले तेव्हा अप्पा पोचवायला आले होते. गाडी हलता हलता म्हणाले, "तितं गेल्यावर गप बसू नगं. कुणाला तरी सांगत जा की." मी हो म्हटलं आणि पुढे वर्षानुवर्षं फोनवर "सगळं बरं आहे" एवढंच सांगत राहिले. केमसारख्या गावातून बाहेर पडलेले तुम्ही सगळे, तुमचंही याहून वेगळं नसणार. दिवसभर विम्याच्या ऑफिसात लोकांचे फोन घेतल्यावर स्वतःचं काही बोलायला तोंड उघडत नाही.

अव्वा मूळची कर्नाटकच्या सीमेवरच्या दुधनीची. घर कन्नड, शाळा कन्नड. अप्पा केमचं कुंकू घेऊन तिकडच्या बाजारांना जायचे, धंद्यापायी कन्नड शिकले आणि त्या कन्नडच्या जोरावरच सोयरीक जमली. लग्न होऊन ती केमला आली तेव्हा तिच्या भाषेत बोलणारा गावात एकच माणूस होता. मला त्यांनी कन्नड शिकवलं नाही, शाळेत घोटाळा होईल म्हणाले. मग ती भाषा त्या दोघांपुरतीच राहिली.

मी चौथीत असताना अप्पांनी सोलापुरातून प्लेअर आणला आणि सोबत एका विनोदी मराठी मालिकेचा सहा डिस्कचा खोका. एकत्र कुटुंब, मधुमेह झालेला सासरा, आणि त्याच्यापासून गोडधोड लपवणाऱ्या दोन सुना. एवढ्यावर सगळे भाग चालायचे. अव्वाला मराठी भरभर कळत नसे. सासरा काही बोलला की ती विचारायची, "एन अंतान?" म्हणजे काय म्हणतोय. लगेच अप्पा चित्र थांबवायचे आणि कन्नडमधून सांगत बसायचे. सासऱ्याने जिलबी वॉशिंग मशीनमध्ये लपवली, एवढंच सांगायचं असे. पण अप्पांचं पाच मिनिटं चालायचं. हातवारे व्हायचे, मधेच आमच्या थोरल्या चुलत्यांचं नाव यायचं, स्टेशनावरच्या चहावाल्याचं यायचं. ते मालिकेत कसे शिरले हे मला कधीच कळलं नाही. अव्वा सगळं ऐकून घ्यायची आणि मग हसायची. मी मात्र आधीच हसून मोकळी झालेली असे आणि पडद्यावर सासरा तोंड उघडं ठेवून अडकलेला असे. "अप्पा, चालू करा ना," मी रडकुंडीला येऊन म्हणायचे. अर्ध्या तासाचा भाग आमच्याकडे दीड तास चालायचा. प्लेअरच्या रिमोटवरचं थांबवायचं बटण अप्पांच्या बोटांनी गुळगुळीत झालं होतं आणि डिस्कच्या कडांना कुंकवाचे फिकट ठसे राहिले होते.

पुण्यात आल्यावर पहिल्याच रविवारी मी तीच मालिका शोधून लावून दिली. चित्र स्वच्छ, आवाज स्वच्छ, एकही भाग गाळलेला नाही. मला फार मोठं काम केल्यासारखं वाटलं. अव्वाने दोन भाग पाहिले. एक संपतो न संपतो तोच पुढचा आपोआप सुरू झाला तेव्हा ती उठली. "लई पळतंय हे," म्हणाली आणि लसूण सोलायला बसली. हेही थांबवता येतं, असं मी तिला तीनदा दाखवलं. ती मान हलवायची, पण टीव्ही लावायची नाही.

आम्ही नवराबायको सकाळी आठला बाहेर पडतो. संध्याकाळी यावं तर ती गॅलरीतल्या खुर्चीवर, समोरच्या इमारतीच्या भिंतीकडे तोंड करून. काय केलंस दिवसभर, विचारलं की "बसले हुते." दसरा झाला. मी दिवाळीपर्यंतचे दिवस मोजायला लागले. खरं सांगायचं तर तिचा रागही यायचा. मी एवढं सगळं करते, हिला काय कमी आहे, असं मनात यायचं. आणि वाद घालायचं त्राणही नव्हतं.

मग एकदा तिच्या कपाटात साडी ठेवताना हाताला तो खोका लागला. प्लेअर ठेवायला लावला होता मी, पण डिस्क तिने लुगड्यांच्या घडीत घालून आणल्याच होत्या. लावायला काही नसताना.

पुढच्या रविवारी एकटी केमला जाऊन प्लेअर घेऊन आले. आल्यावर कळलं की नव्या टीव्हीला त्या लाल-पांढऱ्या-पिवळ्या वायरी बसतच नाहीत. तीन दुकानं हिंडून मधे जोडायची डबी मिळाली. हे सगळं होईपर्यंत पुढचा रविवार उजाडला. दुपारी जेवणं झाल्यावर पहिली डिस्क घातली. प्लेअर घरघरला, चित्र आलं, जरा फिकटच. सासऱ्याने वॉशिंग मशीनचं झाकण उघडलं, काहीतरी बोलला, आणि अव्वाने थांबवायचं बटण दाबलं.

मी वाट पाहिली. ती पडद्याकडे बघत बसली होती. "अगं अव्वा, चालू कर ना," मी म्हणाले, आणि म्हणताक्षणीच माझा चौथीतला आवाज मला ऐकू आला.

"एन अंतान?" तिने विचारलं. माझ्याकडे न बघता.

मला कन्नड येत नाही. मी मराठीतच सुरुवात केली, की सासऱ्याने जिलबी लपवली आणि...

"ते कळतंय गं मला," ती म्हणाली. "तू पाचवी-सहावीत हुतीस तवापास्नं कळतंय."

"मग अप्पांना विचारायचीस कशाला?"

तिने रिमोट मांडीवर ठेवला. "दिसभर त्यास्नी बोलायला सवड न्हवती. आन् मला त्यांच्याबिगर कोण हुतं तितं?"

सहा डिस्क, किती वर्षं, आणि मी त्या प्रत्येक थांब्यावर कटकट केली होती. अप्पांनाही ठाऊक असणार की हिला कळतंय. दोघांनीही कधी एकमेकांना सांगितलं नसणार.

"सांग की," ती म्हणाली.

मग मी सांगितलं. मराठीतच, पण अप्पांसारखं. आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी त्यात घातले, रोज सकाळी लिफ्टमध्ये लपून वडापाव खाणारे. ऑफिसातली माझी साहेबीण घातली. तिचं सांगता सांगता ती मला कशी बोलते, मी बाथरूममध्ये जाऊन कशी रडते, तेही सांगून झालं. नवऱ्यालासुद्धा सांगितलं नव्हतं ते. अव्वाने सगळं ऐकून घेतलं. सेक्रेटरींना हसली, जरा उशिराच, आणि साहेबिणीला कन्नडमधून काहीतरी म्हणाली. त्याचा अर्थ सांगायला तिने साफ नकार दिला.

दिवाळी येऊन गेली. केमचं नाव तिने काढलं नाही, मीही विचारलं नाही. भाऊबीजेनंतर आपणहून म्हणाली, "आता शिमग्यापतुर बघते." किल्ली अजून माझ्या पर्समध्ये आहे.

आजही ऑफिसातून आले ती पार गळून. दार उघडलं तर सासरा पडद्यावर तोंड उघडं ठेवून थांबलेला, आणि अव्वा रिमोट मांडीवर घेऊन दाराकडे बघत बसलेली. कधीपासून थांबवून ठेवलंय कोण जाणे. केमच्या घराला कुलूप आहे, आणि हा फ्लॅट मला इतकी वर्षं नुसता झोपायला यायची जागा वाटायचा. आज पर्ससुद्धा न ठेवता मी तिच्याशेजारी बसले, आणि तिने विचारायच्या आधीच सांगायला सुरुवात केली.