सिंहाची पहिली नोट

बापू गेल्याचा फोन आला तेव्हा मी दुकानात लॅमिनेशन करत होतो. हातातला दाखला मशीनमध्ये तसाच अडकून राहिला... मला रडू आलं नाही, भीती वाटली.

माझा दोस्त बापू फाउंड्रीत टर्नर. दिवसभर लोखंडाशी झटणारा हा माणूस घरी आला की चिमट्यानं नोटा उचलायचा. स्वातंत्र्यानंतर राजाचं तोंड जाऊन नोटांवर अशोकस्तंभाचे सिंह आले, त्या सुरुवातीच्या नोटांचा त्याला नाद होता. त्यातली पहिली एक रुपयाची कोरी नोट मुरगूडच्या एका निवृत्त गुरुजींकडे होती. बापू तीन वर्षं त्यांच्याकडे खेटे घालत होता. शेवटी गुरुजींनीच कंटाळून ती दिली.

शहाण्णव-सत्त्याण्णवची गोष्ट. जुन्या नोटांच्या प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी त्यानं ती नोट झेरॉक्स काढायला माझ्याकडे ठेवली. शंभर हात लागतील, मळेल, म्हणून मी ती आपल्या अकलेनं लॅमिनेट केली. वर शाबासकीची वाट बघत बसलो.

बापूनं ती उलटसुलट करून बघितली.

"निघंल न्हवं ह्ये?"

"न्हाई. चिकटलं ते."

त्यानं नोट रुमालात गुंडाळून खिशात घातली. त्यापेक्षा त्यानं मुस्काटात मारली असती तर बरं झालं असतं.

तरीही दुसऱ्या दिवशी त्यानं ती मांडली. बाहेरगावचा एक जाणकार संग्राहक टेबलाशी थांबला आणि चारचौघांत ओरडला, "नोट मारून टाकलीत की! प्लॅस्टिक चिकटवल्यावर हिला कवडीची किंमत नाही. हा गाढवपणा कुणी केला?"

मी शेजारीच उभा होतो.

"मीच की," बापू म्हणाला. "मळू नये म्हणून केलं."

लोक हसले. बापू मान खाली घालून उभा राहिला आणि मी गप्प बसलो. नंतर चहा पिताना एवढंच म्हणाला, "लोक तुझ्याकडं अस्सल कागदं देत्यात. दुकान चालाय पायजे तुझं." पुन्हा हा विषय त्यानं कधी काढला नाही. मीही काढला नाही, याची लाज वाटते.

तेराव्याला बापूच्या बायकोनं, वहिनींनी, पाहुण्यांना त्याचा नोटांचा अल्बम दाखवला. "एवढं जपायचे, आन् शेवटी सोताच्या हातानंच ह्या नोटंचं वाटोळं केलं बघा," असं म्हणून त्या डोळे पुसत हसल्या. पाहुणेही हसले. त्यांच्यात मीही होतो.

वहिनी, पेपरची ही रविवारची पुरवणी तुम्ही वाचता हे मला ठाऊक आहे, म्हणून इथं लिहितोय. ती नोट बापूनं नाही, मी घालवली.