खुडूक कोंबडीची साप्ताहिक सुट्टी

ड्युटीसाहेबांनी कोंबड्यांचा नव्या वर्षाचा तक्ता जेवणाच्या टेबलासमोरच्या भिंतीवर टांगला, तेव्हा त्यांच्या बायकोने तक्त्याबद्दल एक अक्षर काढलं नाही. तिने खिळ्याबद्दल विचारलं.

"हा खिळा ठोकताना मला विचारलंत?"

विचारलं नव्हतं. एकतीस वर्षं बस डेपोत ज्याने ड्रायव्हर-कंडक्टरांच्या ड्युट्या लावल्या, त्याला तक्ता टांगताना कुणाला विचारायची सवय राहत नाही. कोण कुठल्या गाडीवर, कोणाची सुट्टी कधी, कोण आयत्या वेळी आजारी पडला तर त्याच्या जागी कोण, हे सगळं हा माणूस चार रंगांच्या पेन्सिलींनी ठरवायचा. निवृत्त झाले तरी गल्लीत ते ड्युटीसाहेबच राहिले. बँकेत कुणी खऱ्या नावाने हाक मारली, तर ते दुसऱ्यांदा पुकारेपर्यंत उठत नसत.

तक्ता मात्र बघण्यासारखा होता. वरच्या ओळीत बारा महिने, डाव्या बाजूला एकाखाली एक सात कोंबड्या. लाल रेघ म्हणजे कोंबड्याबरोबर वेगळ्या जाळीत मुक्काम. निळी रेघ म्हणजे अंडी उबवणं. हिरवी म्हणजे पिसं झडायचा काळ. तेव्हा कोंबडी अंडी देत नाही, म्हणून साहेबांनी तिथे 'वैद्यकीय रजा' लिहिलं होतं. काळी म्हणजे राखीव. कोंबड्यांना नावं नव्हती, बिल्ला नंबर होते. कोंबडा एकच, आणि मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात त्याची एकाच सकाळी तीन ठिकाणी ड्युटी लागली होती. तिथे साहेबांनी पेन्सिलीने बारीक अक्षरात 'पाहू' असं लिहून ठेवलं होतं. कोंबड्याने तक्ता पाहिलेला नव्हता, आणि पाहिला असता तरी त्याच्या वागण्यात फार फरक पडला असता असं मला वाटत नाही.

या सगळ्या खटाटोपाच्या मुळाशी होती एक नंबर. काळ्यावर पांढरे ठिपके, आणि पायांवर थेट बोटांपर्यंत पिसं, लोकरीचे मोजे घालून आल्यासारखी. ती साहेबांनी आणलेली नव्हती, आपणहून आली होती. निवृत्तीनंतरच्या पहिल्या महिन्यात साहेब मागच्या दाराशी खुर्ची टाकून नुसते बसलेले असत. चहा निवायचा, पेपर उघडायचा नाही. अशात एक दिवस ही मोजेवाली कुठूनशी अंगणात शिरली, साहेबांची चप्पल टोचून पाहिली आणि तिच्या शेजारी बसली. दुसऱ्या दिवशी पहाटे तिला दाणे टाकायला साहेब साडेपाचला उठले, आणि तेव्हापासून रोज उठत होते. साहेबांचा तिच्यावर जीव होता, यात लपवण्यासारखं काही नाही. पण ती आता सहा वर्षांची झाली होती. दोन-दोन महिने अंडं द्यायची नाही. तिच्यासारखी दुसरी, म्हणजे पायांत मोजे असलेली, मिळवायची तर ती याच हंगामात. वर्षभराच्या तक्त्याचा सारा डोलारा त्या एका म्हाताऱ्या कोंबडीवर उभा होता.

बायकोची बाजूही ऐकायला हवी. ती मागच्या खोलीत पडदे शिवायची, म्हणून गल्लीची पडदेकाकू. धुतलेलं कापड वाळत घालायला तिला अंगण लागायचं, आणि कोंबड्यांना वाळतं कापड फार आवडायचं. मागे एका गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या पडद्यावर खालपासून वरपर्यंत चिखलाची पावलं उमटली होती. काकू शरमेने अर्धमेली होऊन पडदा द्यायला गेली, तर त्या बाई म्हणाल्या, नक्षी छान आहे, अशाच आणखी दोन जोड्या शिवा. काकूने तो अपमान आजतागायत गिळलेला नव्हता.

म्हणून तक्त्यासमोर उभं राहून तिने अट घातली.

"पहिली खेप. अंडी बसवल्यापासून एकवीस दिवस. एक तरी मोजेवालं पिल्लू निघालं, तर तुमचा हा कागद वर्षभर भिंतीवर. नाही निघालं, तर खुराड्यासकट सगळ्या कोंबड्या सिस्टरकडे. मला माझं अंगण परत हवंय."

सिस्टर म्हणजे शेजारच्या. प्रसूती वॉर्डात जन्म घालवून निवृत्त झालेल्या, आणि साहेबांच्या कोंबड्यांवर पहिल्यापासून डोळा ठेवून असलेल्या. त्यांनी कुंपणावरूनच सांगितलं, "मी टोपली धुऊन ठेवते."

साहेब डगमगले नाहीत. "एकवीस दिवस," असं म्हणून त्यांनी निळ्या पेन्सिलीला टोक काढलं.

सुरुवात झकास झाली. लाल रेघेचे पंधरा दिवस निर्विघ्न पार पडले. एक नंबरने पाच अंडी दिली आणि स्वतःच खुडूक झाली, म्हणजे अंगाची पिसं फुलवून अंड्यांवर अशी ठाण मांडून बसली की आता जग बुडालं तरी उठायची नाही. सातव्या दिवशी अंड्यांनी जीव धरलाय का ते बघायचं होतं. त्यासाठी अंधार लागतो, आणि साहेबांना दम नव्हता. तेव्हा भर दुपारी साहेब, काकू आणि सिस्टर अशी तीन वयस्कर माणसं एका जाड गोधडीत डोकं घालून टॉर्च लावून बसली. पाचही अंड्यांत लाल शिरांची जाळी दिसली.

"पाचच्या पाच!" गोधडीतून साहेबांचा आवाज आला.

"माझ्या पायावरून उठा आधी," काकूचा आवाज आला.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण नवव्या दिवसापासून साहेबांना चैन पडेना. कोंबडी दिवसातून एकदा उठायची, वीस मिनिटांत खाऊनपिऊन परत. तुरा फिका पडलेला, अंग उतरलेलं. साहेबांनी हिशेब मांडला: रोज जवळजवळ चोवीस तास ड्युटी, बदली माणूस नाही, साप्ताहिक सुट्टी नाही. पूर्वी त्यांनी फक्त एकदा एका ड्रायव्हरला लागोपाठ डबल ड्युटी लावली होती. त्याला डुलकी लागली आणि बस अगदी हळू, सभ्यपणे एका न्हाव्याच्या दुकानात शिरली. कुणाला खरचटलंही नाही, फक्त खुर्चीतल्या गिऱ्हाइकाची अर्धी मिशी गेली. ते गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी तक्रार घेऊन डेपोत आलं, तेव्हा उरलेली अर्धी मिशी त्याने पुरावा म्हणून तशीच ठेवली होती. त्या दिवसापासून साहेबांनी कुणाला डबल ड्युटी दिली नाही. आणि आता तर ही घरची होती.

"बसलेल्या कोंबडीला उठवायचं नसतं," सिस्टरनी कुंपणावरून बजावलं. "तिला सगळं कळतं."

"ड्रायव्हर पण असंच म्हणायचे," साहेब म्हणाले. "मला काही होत नाही साहेब, मी जागा आहे साहेब."

बाराव्या दिवशी सकाळी अकरा वाजता त्यांनी एक नंबरला साप्ताहिक सुट्टी दिली. तिला उचललं, चार टोचे खाल्ले आणि मोरीत दाणापाणी ठेवून वरून कडी लावली. म्हणाले, "आराम कर." बदलीला चार नंबर होती. तीही खुडूक झाली होती आणि शेजारच्या रिकाम्या खोक्यात काही नसताना मनोभावे बसली होती. आता कुठल्याही माणसाने पाच अंडी उचलून तिच्याखाली सारली असती. पण डेपोत गाडी तीच राहते, माणूस बदलतो. साहेबांनी चार नंबरला उचलून एक नंबरच्या खोक्यात ठेवलं.

ती उतरून आपल्या खोक्यात गेली. साहेबांनी परत आणली. ती परत गेली. असं सात वेळा झालं. मोरीतून एक नंबर असा आक्रोश करत होती की गल्लीतल्या दोन खिडक्या उघडल्या. तो ऐकून कोंबडा धावत आला आणि त्याने साहेबांच्या धोतराएवढ्या ढगळ पायजम्यात पाय अडकवून घेतला. आठव्या खेपेला चार नंबरने हातातून उसळी मारली, ती नेमकी खोक्यात उतरली आणि दोन अंडी फुटली.

साहेब खोक्यासमोर वाकले. उरलेल्या तीन अंड्यांना हात लावला, तर ती गार पडायला लागली होती. धावत जाऊन त्यांनी मोरीची कडी काढली. एक नंबर बाहेर आली, त्यांच्याकडे ढुंकूनही न पाहता अंगण ओलांडून भिंतीवर चढली आणि पाठ करून बसली. साहेबांनी हाका मारल्या, दाणे दाखवले, एकदा तर माफीही मागितली. तिने मान वळवली नाही.

गळ्यात टेप, तोंडात दोन टाचण्या अशी पडदेकाकू बाहेर आली. फुटलेली अंडी पाहिली, पायजमा पाहिला, नवऱ्याचा चेहरा पाहिला. आता बोलणी बसणार म्हणून साहेबांनी मान खाली घातली. काकूने टाचण्या काढून पदराला लावल्या.

"शर्टाची बटणं काढा."

"काय?"

"काढा म्हणते ना!"

तिने साहेबांना आत नेऊन आरामखुर्चीत आडवं केलं, तिन्ही अंडी त्यांच्या उघड्या पोटावर ठेवली, वरून स्वेटर, स्वेटरवर शाल. "हलू नका," म्हणाली आणि मशीनवर जाऊन बसली.

एक वाजला, दोन वाजले. साहेबांनी खोकला दाबला, शिंक गिळली. शेजारून सिस्टर डोकावल्या, त्यांचं पोट निरखून म्हणाल्या, "कितवा महिना?" आणि हसत हसत निघून गेल्या. तीन वाजता साहेबांनी चाचरत हाक मारली.

"अगं... जरा जाऊन यायचं होतं."

मशीन थांबलं. काकू आली, गरम पाण्याची पिशवी मांडीवर घेतली, तिच्यावर टॉवेल आणि टॉवेलावर एकेक करून अंडी ठेवून पदराने झाकली. साहेब परत आले, तर ती अंड्यांवर हात ठेवून डोळे मिटून बसली होती, आणि खुर्चीवरून उठायला ती तयार होईना. "मला बसू द्या थोडं," म्हणाली. दिवसभर मान मोडून शिलाई करणारी बाई, बऱ्याच दिवसांत दुपारची अशी टेकली नव्हती.

साडेपाचला एक नंबर आपणहून भिंतीवरून उतरली आणि खोक्यात जाऊन उभी राहिली. दोघांनी श्वास रोखून तीन अंडी तिच्यापुढे ठेवली. तिने एकेक चोचीने पोटाखाली ओढलं. पुढचे नऊ दिवस साहेब खुराड्याच्या दहा पावलं लांबूनच चालत होते, तेही अनवाणी.

एकविसावा दिवस उजाडला आणि मावळला. काही नाही.

बाविसाव्या दिवशी सिस्टर धुतलेली टोपली घेऊन आल्या. कोंबडी बसलेलीच पाहून त्यांनी टोपली कुंपणापलीकडे आपल्या अंगणात ठेवली. "उठेल तेव्हा नेईन. माझ्या वॉर्डात दिलेल्या तारखेला कोण जन्मलंय?" पण साहेबांचा धीर सुटला होता. अट ती अट. तिला उठवली नसती, तर हे झालं नसतं, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती. तेविसाव्या दिवशी सकाळी त्यांनी तक्ता खिळ्यावरून काढला आणि टेबलावर ठेवून घडी घालायला लागले. डोळे भरून आल्यामुळे घडी वाकडी जात होती.

"अहो!" अंगणातून काकूची हाक आली. "इकडे या आधी!"

एक नंबरच्या पंखाखालून एक ओलं, पिवळट डोकं बाहेर आलं होतं. उरलेल्या दोन अंड्यांत जीव राहिला नव्हता, ती काही फुटली नाहीत. हे एकच. काकूने कोंबडीचे टोचे खात ते तळहातावर घेतलं आणि दोघांनी चष्मे कपाळावरून नाकावर आणले. डाव्या पायावर बोटांपर्यंत मऊ लव होती. उजवा पाय कोरा करकरीत.

साहेबांनी दोन्ही पाय पुन्हा एकदा पाहिले.

"एकाच पायात आहे," शेवटी साहेब म्हणाले. ते कामाच्या बाबतीत कधी खोटं बोलले नव्हते. "आणि दोन दिवस लेट."

काकूने पिल्लू उलटंपालटं करून पाहिलं. "दुसरा मी शिवीन," म्हणाली, आणि ते अलगद कोंबडीखाली सरकवलं. कुंपणापलीकडे सिस्टरनी टोपली मुकाट्याने घरात नेल्याचा आवाज आला.

काकू हात धुऊन आत गेली. टेबलावरची घडी तिने उलगडली, हाताने सुरकुत्या सपाट केल्या आणि कागद पुन्हा खिळ्याला लावला. मग चष्मा सावरून पुढच्या निळ्या रेघेवर बोट ठेवलं.

"हे मे महिन्यातलं. कोंबडी पुन्हा रुसली, तर अंडी घेऊन बसायचं आपल्यालाच ना?"

"तशी वेळ येणार नाही. मी हात लावणार नाही."

"येईल. तुम्ही काय गप्प बसणार आहात? पण शनिवारी मला जमणार नाही, शनिवारी पडदे द्यायचे असतात. शनिवारी मला सुट्टी पाहिजे."

निवृत्त होऊन चार वर्षं झाली होती. चार वर्षांत साहेबांकडे कुणी सुट्टी मागितली नव्हती. त्यांनी दोनदा घसा खाकरला. मग कानामागची पेन्सिल काढली आणि बायकोकडे न बघता म्हणाले,

"लेखी अर्ज लागेल."