सेन्सर थकत नाही

वेधशाळेत त्यांना सगळे अंधारेबुवा म्हणत. खरं आडनाव टपालवाल्यालाच ठाऊक. अंधाऱ्या खोलीत फिल्म धुण्यातच त्यांची हयात गेली होती.

"फिल्म थकते," हे त्यांचं पालुपद. अंधूक उजेड फार वेळ झेलत राहिली की तिचा टिपण्याचा वेग पडतो, म्हणून हिशेबापेक्षा दुप्पट-तिप्पट वेळ द्यायचा.

डिजिटल कॅमेरा आला आणि बुवांना भांडारात पाठवायचं घाटू लागलं. प्रमुखांनी एक संधी दिली. धूमकेतूच्या गाभ्यातून निघणारे झोत टिपून दाखवा, मग इथेच राहा. आकाश एकच रात्र मोकळं मिळालं. त्यानंतर धूमकेतू सूर्याच्या उजेडात बुडणार होता.

सकाळी बुवांच्या मुलीने चित्र उघडलं. ती तिथेच संगणकावर काम करी. बुवा शेजारी, अंगात रात्रीचाच स्वेटर. पडद्यावर नुसता पांढरा गोळा.

"बाबा, आयएसओ किती ठेवला होता?"

"सगळ्यात वरचा. आकडा मोठा, तेवढं फिल्मला अंधारात जास्त दिसतं. वेळही तिप्पट दिला. कॅमेरा थकला असता ना."

"कॅमेऱ्यातला सेन्सर थकत नाही हो! आणि आयएसओ वाढवून त्याला जास्त दिसतही नाही. रेडिओचा आवाज वाढवावा तसं आहे ते. खरखरही वाढते."

"मग आकडे फिल्मचेच कशाला ठेवले मेल्यांनी?"

बुवा पडद्यापाशी सरकले.

"जरा कमी धुऊन बघ की. फिल्म अशी जळाली तर मी औषधातून लवकर काढतो. थोडंफार हाती लागतं."

तिने उजेड उतरवत नेला. शेपूट विझलं, आजूबाजूचे तारे विझले. गोळा पांढऱ्याचा राखाडी झाला. आत झोताची एकही रेघ नव्हती.

"अजून उतरव."

"बाबा, भांडं भरून वाहिलं. सांडलेलं कुठून मोजू?"

प्रमुख आत आले, वाकून पाहिलं. बुवा उठून उभे राहिले. चांगली खरडपट्टी निघणार, याची त्यांनी तयारी केली होती.

"असू द्या, बुवा. दुसऱ्या वेधशाळेची चित्रं आलीत, झोत स्वच्छ दिसतायत. आपलं काही बिघडलं नाही."

"काहीच नाही?"

"काहीच नाही," प्रमुख समजुतीने म्हणाले. "सोमवारपासून खाली भांडारात या. तिथे ऊनही चांगलं येतं."