बाकी सगळं तसंच राहिलं तर

वडाळे तळ्याकाठी रोज एक म्हातारे गृहस्थ भेटायचे. उठताना काठी आपटून म्हणायचे, "सेटेरिस पॅरिबस, उद्या भेटू."

"हा कसला मंत्र, काका?" मी एकदा विचारलं.

"लॅटिन. इंग्रजीत अर्थशास्त्रवाले वापरतात. बाकी सगळं आहे तसंच राहिलं, तर."

"म्हणजे देवाची कृपा असेल तर!"

"देवाला कशाला गुंतवता? बाकीचं तसंच राहत नाही, एवढंच."

मी हसलो, पण मग मला तिथे बसवेना. शिरढोणला एकट्या राहणाऱ्या आईला सांगत आलो होतो, "करंजाड्याचं घर ताब्यात आलं की नेतो." घर येऊन वर्ष झालं होतं. खरं सांगायचं तर मलाच तिची अडचण वाटत होती.

तसाच रिक्षाने शिरढोणला गेलो. आई ओटीवरच होती.

"आलास? पिशवी कवाची भरलेली हाय."

मी हात धरला. मागच्या खेपेला रिक्षापर्यंत सोडायला आलेल्या तिला आता ओटीची पायरीही उतरवेना.