हिरीबाई आणि सात नंबरचं पॅलेट

हिरीबाई आगिवलेविरुद्ध मी एकदा खोटं लिहिलं होतं. मुद्दाम नाही, पण विचारही न करता. ज्याच्यावर ते लिहिलं जातं, त्याला ह्या दोन्हींत काय फरक?

साल दोन हजार एक. मुरबाडच्या एमआयडीसीत पंपांच्या बॉडी बनवणाऱ्या कंपनीत मी तपासणी विभागात होतो. शहापूरहून एसटीनं यायचो. हिरीबाई सरळगावच्या पलीकडच्या ठाकरवाडीतली. आश्रमशाळेत चौथीपर्यंत शिकलेली. नवरा मंगळू मध काढताना झाडावरून पडून अधू झाला, तेव्हा घर तिच्यावर आलं. त्र्याण्णव साली ती ठेकेदाराकडून आमच्याकडे लागली ती मशिनखालचा लोखंडी कीस झाडायला. झाडता झाडता माल उचलायला शिकली, मग तो मशिनवर बांधायला. ओतीव बॉडीवरून नुसता हात फिरवून सांगायची, "ही बाजू फुगली हाय, नीट बसायची नाय." आणि ती खरंच बसायची नाही.

त्या वर्षी नवी लाइन आली. चार मशिनं एका रांगेत, त्यांच्यापुढे रुळावर आपोआप धावणारी गाडी, आणि बारा पॅलेटं. पॅलेट म्हणजे माल घट्ट बांधायचा लोखंडी पाट. एका पॅलेटवर लहान पंप, दुसऱ्यावर मोठा. कुठलं पॅलेट कुठल्या मशिनवर जायचं ते संगणक ठरवायचा आणि मशिन आपली हत्यारं आपणच बदलायचं. आधी एक माल सोडून दुसरा लावायचा तर अख्खी पाळी मोडायची. आता लहान-मोठा माल एकामागून एक निघत होता. माणसाच्या हाताचं काम उरलं ते एका टोकाला: कच्चा माल पॅलेटवर बांधायचा, झालेला सोडवायचा. ते हिरीबाई आणि टोकावड्याकडच्या कातकरी वाडीतली प्रेमा करायच्या.

लाइन बसवायला आलेले इंजिनिअर सांगून गेले होते, "ही सिस्टिम चुकत नाही. चुकलंच तर माणूस चुकेल."

तिसऱ्या महिन्यात शंभरातल्या सात-आठ बॉडींची भोकं तिरकी यायला लागली. चारही मशिनं तपासली, ठणठणीत निघाली. मग राहिलं काय? मी रिजेक्टच्या चिठ्ठीवर लिहिलं, 'लोडिंगची चूक'. दोन शब्द. दुसऱ्या दिवशी प्रेमाकडून कबुलीच्या कागदावर सही घेतली, आणि तिसऱ्या दिवशी गेटवरच्या वहीतून तिचं नाव कापलं. भोकं तिरकी येतच राहिली. तेव्हा तसाच कागद करून हिरीबाईला बोलावलं.

कारखान्याचे मॅनेजर रेगे साहेब म्हणाले, "सही कर आणि कामाला लाग."

"सही येते मला," हिरीबाई म्हणाली. "पण ह्या कागदावर नाय करायची."

ठेकेदाराचा मुकादम नथू कुजबुजला, "गो हिरी, साहेबांशी वाद घालू नको."

"वाद कसला रे? केलं नाय ते केलं म्हणून लिवून देनार नाय, एवढंच."

"मग कोणी केलं? मशिननं?" रेग्यांनी विचारलं.

"आठ दिस द्या. दावते."

दुसरी बाई अजून तयार झाली नव्हती, म्हणून त्यांनी आठ दिवस दिले.

जेवणाच्या सुट्टीत ती माझ्या टेबलापाशी आली. "भाऊ, खराब माल कुठल्या पॅलेटवरचा, ते तुमी बघता का?"

मी नाही म्हटलं. पॅलेट कुठल्या मशिनवर गेलं ते संगणकाला ठाऊक असे. पण माल पॅलेटवरून सुटला की त्याचा माग तुटायचा. खडूनं आकडा घालावा, तर माझ्याकडे येण्याआधी बॉडी धुवायच्या मशिनमधून जायची, खडू पुसला जायचा.

दुसऱ्या दिवशी जुन्या लुगड्याच्या चिंध्या फाडून घेऊन आली. माल सोडवला की त्याच्या कानाच्या, म्हणजे कडेला निघालेल्या पट्टीच्या, भोकात एक चिंधी बांधायची. एक नंबरच्या पॅलेटला एक गाठ, दोनला दोन, अशा बारापर्यंत. धुतल्यावरही गाठी तशाच राहायच्या. पोरं हसली. कुणी म्हणालं, हिरीबाई नवस बोलतेय. तिनं मान वर केली नाही.

आठव्या दिवशी खराब बॉडी मी एका रांगेत मांडल्या. एकोणीस होत्या. चिंध्यांच्या गाठी मोजल्या. प्रत्येकीला सात गाठी. चांगल्या मालात सात गाठींची एकही चिंधी नव्हती.

सात नंबरचं पॅलेट उतरवून मोजलं. माल जिच्यावर टेकतो ती खुंटी केसभर वाकलेली होती. बहुधा रुळावरच्या गाडीचाच तिला कधीतरी धक्का लागला असावा. वरून माल घट्टच बसलेला दिसायचा.

रेगे साहेबांनी तिच्यासाठीचा कागद फाडला. "झालं तुझ्या मनासारखं. जा आता, लाइन थांबेल."

हिरीबाईनं हातातला पाना त्यांच्या टेबलावर ठेवला. "माजा कागद फाडला. प्रेमाचा?"

"तिनं कबूल केलंय."

"तिला लिवलेलं वाचता येत नाय. तुमी सांगितलं, तिला शिकवलेलं नाव तिनं काढलं. ते कबूल करनं नाय. तिचं नाव वहीत घाला, मग मी पाना उचलते."

ती जाऊन लोडिंगच्या जागेवर जमिनीवर बसली. एकेक पॅलेट काम संपवून येत गेलं. सोडवायला कुणी नाही, बांधायला कुणी नाही. दोन इंजिनिअर बाह्या सरसावून पुढे झाले. एक बॉडी बांधायला वीस मिनिटं लागली आणि तीही सुटली. अकरा वाजता पहिलं मशिन थांबलं, बारापर्यंत चारही. एवढी महागडी लाइन पिवळे दिवे लावून उभी, आणि खाली हिरीबाई भाकरीचं फडकं सोडून जेवत बसलेली.

तेव्हा मी रेग्यांच्या खोलीत गेलो. लेखी दिलं की, माझी चिठ्ठी चुकीची होती, लोडिंगचा दोष नव्हता. न तपासता लिहिलं होतं, हे मी आठ दिवसांपूर्वीही सांगू शकलो असतो. त्याची लाज मला आजही आहे.

तीन वाजता प्रेमाचं नाव वहीत पुन्हा लिहिलं गेलं. हिरीबाईनं ते स्वतः वाचलं, अक्षरावर बोट ठेवून, आणि पाना उचलला. प्रेमा तोवर भिवंडीकडे वीटभट्टीवर गेली होती. चौथ्या दिवशी परत आली.

पुढे दुसरी लाइन आली तेव्हा बाया तयार करायचं काम हिरीबाईकडेच आलं. पण तिच्या कार्डावर 'सफाई कामगार' हेच राहिलं. दोन हजार सहाला ठेकेदार बदलला, नवं कार्ड आलं: 'मदतनीस'. तिनं ते गेटवर परत केलं. दुसरं आलं, तेही परत. तिसऱ्यावर 'लोडिंग ऑपरेटर' छापून आलं, ते तिनं घेतलं.

दोन हजार नऊला गुडघ्यांनी दगा दिला, म्हणून तिनं काम सोडलं. रेगे साहेब म्हणाले, छोटा सत्कार करू. ती म्हणाली, "सत्कार नको. माज्या जागेवर भिमीला घ्या." भिमी तिच्याच वाडीतली, तिनंच शिकवलेली.

भिमीला घेतलं. पहिल्याच आठवड्यात तिचं कार्ड आलं, त्यावर 'मदतनीस'. मी गेटपाशीच उभा होतो. भिमीनं ते उलटसुलट करून पाहिलं, वॉचमनच्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, "हे माजं नाय. माजं छापून आना."